कोणत्या बाईचा अभ्यास?

९ मे १९१६. न्यू यॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचविशीतले भीमराव आंबेडकर भारतातल्या जातींवर निबंध वाचत होते. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावून. तशी लग्नं लावत राहायचं तर बाईवर ताबा हवा. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चाली त्या ताब्याच्या गरजेतून आल्या, अशी त्यांची मांडणी होती. त्याच साली पुण्याजवळ हिंगण्याला धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. पहिल्या तुकडीत विद्यार्थिनी होत्या पाच.

दोघांच्याही डोळ्यांपुढे विधवा होती. कर्व्यांना तिचं आयुष्य सावरायचं होतं, तिला अक्षर द्यायचं होतं, पायावर उभं करायचं होतं. आंबेडकर विचारत होते, तिला विधवा म्हणून कोंडून कोण ठेवतं आणि त्यात कुणाचा फायदा असतो? महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाने पहिला धागा घट्ट धरला, आणि त्याबद्दल कर्व्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडेच. दुसरा धागा मात्र विद्यापीठांच्या आवारात यायला जवळजवळ ऐंशी वर्षं लागली. तो आला तो स्त्री-अभ्यास केंद्रांच्या वाटेने. ही केंद्रं म्हणजे बहुतेक ठिकाणी विद्यापीठाच्या एखाद्या कोपऱ्यातल्या दोन-चार खोल्या, मोजके शिक्षक आणि कायम टांगणीला लागलेलं अनुदान. त्यांची गोष्ट आपण फारशी सांगत नाही. सांगितली तरी ८ मार्चपुरती.

कर्व्यांपासूनच सुरुवात करायला हवी. स्वतः विधुर असताना १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी लग्न केलं. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती आली आणि त्यांच्या मनात विद्यापीठाची कल्पना रुजली. १९१५ मध्ये मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ती मांडली. शिक्षण मातृभाषेतून द्यायचं आणि अभ्यासक्रम बायकांच्या आयुष्याला उपयोगी पडेल असा ठेवायचा, ही दोन सूत्रं. मातृभाषेचा आग्रह त्या काळी किती धीट होता, हे आज इंग्रजी शाळांपुढच्या रांगा पाहताना फार जाणवतं. दुसऱ्या सूत्रात मात्र त्या काळाची मर्यादा होती. बाईला उपयोगी काय, तर जे तिला चांगली गृहिणी आणि चांगली आई करेल ते. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये देऊ केले, त्यांच्या मातोश्रींचं नाव विद्यापीठाला मिळालं, आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ म्हणजे आपलं एसएनडीटी आकाराला आलं. पुढे त्याचं मुख्य ठाणं मुंबईत गेलं.

हिंगण्याला शिकायला आलेल्या विधवा बहुतांशी ब्राह्मण घरांतल्या होत्या. केशवपन, एकभुक्त राहणं, आलवण ही त्यांच्या घरांतली रीत होती. ज्या जातींत पाट लावायची, म्हणजे विधवेने पुन्हा लग्न करायची, मोकळीक होती त्या जातींतल्या बाईचं दुखणं वेगळं होतं. ते दुखणं स्त्रीशिक्षणाच्या त्या पहिल्या चित्रात दिसत नाही.

विद्यापीठाला अठ्ठावन्न वर्षं झाली तरी तिथे बायकांना साहित्य, संगीत, गृहविज्ञान, शिक्षणशास्त्र सगळं शिकवलं जात होतं, पण बाईची समाजातली जागा अशी का, हा विषय कुठल्याच वेळापत्रकात नव्हता. तो आणला नीरा देसाई यांनी.

नीराबेन १९२५ च्या. गुजराती कुटुंबातल्या. एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना बेचाळीसच्या चळवळीत पडल्या, तुरुंगात गेल्या. पुढे मार्क्सवादी समाजशास्त्रज्ञ अ. र. देसाई यांच्याशी लग्न झालं. १९५४ मध्ये त्या एसएनडीटीत समाजशास्त्र शिकवायला लागल्या आणि १९५७ साली त्यांचं ‘वुमन इन मॉडर्न इंडिया’ हे पुस्तक आलं. मूळ हा एमएचा प्रबंध. स्त्री-अभ्यास नावाचं काही अस्तित्वातच नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. स्वातंत्र्य मिळालं, घटनेने समान हक्क दिले, आता बाईचा प्रश्न सुटला, असं सुशिक्षित समाज धरून चालला होता. नीराबेन धरून चालल्या नाहीत. मला त्यांचं फार अप्रूप वाटतं ते यासाठी. ज्या प्रश्नाला कुणी विचारत नव्हतं, त्याच्याशी त्या सतरा वर्षं एकट्याने बसून राहिल्या आणि वेळ येताच त्यांनी त्याला खोली, टेबल आणि नाव मिळवून दिलं. १९७४ मध्ये एसएनडीटीत स्त्री-अभ्यासाचं संशोधन युनिट सुरू झालं. देशातलं अशा तऱ्हेचं ते पहिलं.

वेळ आली होती, ती अशी. केंद्र सरकारने १९७१ साली भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला समिती नेमली होती. समितीने आकडे चाळायला सुरुवात केली आणि तिच्या सदस्यांच्याच पायाखालची जमीन सरकली. १९०१ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ९७२ बायका होत्या. १९७१ मध्ये उरल्या होत्या ९३०. देश पुढे चालला होता आणि बायका कमी होत होत्या. ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा अहवाल १९७४ संपता संपता तयार झाला. त्याने एका पिढीच्या अभ्यासकांची झोप उडवली, कारण त्यातल्या अनेक जणी स्वतः शिकल्यासवरलेल्या होत्या, आणि आपल्याभोवतीचं हे वास्तव आपल्याला दिसलं कसं नाही, हा प्रश्न त्यांना टाळता येत नव्हता.

इकडे रस्त्यावरही काही कमी घडत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईच्या बायका लाटणी घेऊन मोर्च्याला निघाल्या. १९७५ मध्ये, आणीबाणी असताना, पुण्यात स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली. शेतमजूर, गिरणी कामगार, प्राध्यापिका, विद्यार्थिनी एका मांडवाखाली आल्या. १९७७ मध्ये ‘बायजा’ हे नियतकालिक निघालं. या सगळ्या गदारोळातून जे कागद निर्माण होत होते, पत्रकं, ठराव, हस्तपत्रिका, सर्वेक्षणांचे तक्ते, ते कुठल्याही ग्रंथालयात जात नव्हते. ग्रंथालयाच्या लेखी ते पुस्तकच नव्हतं. एसएनडीटीच्या केंद्राने सुरुवातीला हेच काम हाती घेतलं: गोळा करणं, सूची करणं, जपणं. वरवर पाहता कारकुनी काम. पण बाईविषयी मागे काय लिहिलं गेलं आहे हेच ठाऊक नसेल, तर प्रत्येक पिढीतल्या बाईला आपणच पहिल्या आहोत असं वाटत राहतं. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली छापलं गेलं आणि विसरलं गेलं. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं १९७५ मध्ये. त्र्याण्णव वर्षं! मधल्या तीन-चार पिढ्यांतल्या मराठी बायकांना, आपल्या भाषेत कुणी इतकं कडक लिहून ठेवलं आहे, याचा पत्ताच नव्हता.

केंद्राचं काम मुंबईपुरतं राहिलं नाही. दक्षिण गुजरातेत उदवाड्याला ग्रामीण काम उभं राहिलं. मैत्रेयी कृष्णराज यांच्यासारख्या अर्थशास्त्राकडून आलेल्या अभ्यासक जोडल्या गेल्या. नीराबेन आणि कृष्णराज या दोघींनी मिळून लिहिलेलं ‘विमेन अँड सोसायटी इन इंडिया’ १९८७ मध्ये आलं आणि बरीच वर्षं या विषयाचं पाठ्यपुस्तक म्हणून चाललं. त्या आधीचा टप्पा मात्र थोडं थांबून सांगण्यासारखा आहे, कारण तो एका निकालाशी आणि एका पत्राशी जोडलेला आहे.

मथुरा. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली या आदिवासी, पोरक्या मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. मजुरी करून जगणारी पोर, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. खालच्या न्यायालयाने आरोपींना सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने ओरडा केला नव्हता, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा रोख. १६ सप्टेंबर १९७९ रोजी कायदा शिकवणाऱ्या चौघांनी देशाच्या सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. संमती आणि शरणागती यांत फरक असतो, हे त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं. प्राध्यापकांनी वर्गाबाहेर येऊन न्यायालयाला जाब विचारणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. ते पत्र फिरलं, भाषांतरित झालं, मोर्च्यांत वाचलं गेलं. मुंबईत १९८० मध्ये बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या बाबतीत संमती नव्हती हे बाईचं म्हणणं न्यायालयाने मानून चालावं, अशी तरतूद आली.

अभ्यास आणि चळवळ इतक्या जवळ आल्यावर एप्रिल १९८१ मध्ये एसएनडीटीत स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. तिच्यातूनच पुढच्या वर्षी भारतीय स्त्री-अभ्यास संघटना जन्माला आली. त्या वेळच्या चर्चांत एक ताण सतत होता. विद्यापीठात शिरलं की हा विषय परीक्षा, गुण, पदव्या यांच्या चरकात जाईल आणि त्याची धार जाईल, अशी चळवळीतल्या बायकांची भीती होती. विद्यापीठात शिरलं नाही, तर समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास हे विषय बाईला वगळून जसे चालले आहेत तसेच चालत राहतील, असं अभ्यासकांचं म्हणणं होतं. दोन्ही बाजूंचं खरं होतं. मला वाटतं, पुढच्या चाळीस वर्षांत जिथे हा ताण जिवंत राहिला तिथेच ही केंद्रं जिवंत राहिली.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षण हे स्त्रीच्या समानतेसाठी वापरायचं साधन आहे, असं स्पष्ट म्हटलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यापाठोपाठ विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत स्त्री-अभ्यास केंद्रं काढायला पैसे द्यायला सुरुवात केली. १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात असं केंद्र सुरू झालं. नंतर त्याला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. खुद्द विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव लागलं २०१४ साली. आवारातल्या एका छोट्या केंद्राने ते नाव कित्येक वर्षं आधी आपल्या दारावर लावलं होतं.

त्या काळातलं पुणं स्त्रीप्रश्नाने ढवळून निघालं होतं. मंजुश्री सारडा खटल्याने घराघरांत हुंड्याची आणि संशयास्पद मृत्यूंची चर्चा होत होती. नारी समता मंच काम करत होता. ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ हे नाटक गावोगाव होत होतं. विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ हे मासिक सुरू केलं. केंद्राची सुरुवातीची जबाबदारी सांभाळणाऱ्या विद्युत भागवत या वातावरणातल्याच. त्यांनी एक गोष्ट हट्टाने केली: स्त्रीवादाची सैद्धांतिक चर्चा मराठीत आणली. ‘स्त्रीप्रश्नाची वाटचाल’ हे त्यांचं पुस्तक चाळलं तरी कळतं की महदंबा, जनाबाई, बहिणाबाई यांच्यापासून ताराबाई शिंदे, पंडिता रमाबाईंपर्यंत मराठी बाईच्या विचाराची एक सलग वाट आहे, आणि स्त्रीवाद परदेशातून आला या आरोपाला उत्तर देण्यासाठी आपल्याकडे भरपूर घरचं आहे. जुलै २०२४ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या कामाची जेवढी दखल घ्यायला हवी होती, तेवढी मराठीने घेतली नाही, याची खंत इथे नोंदवून ठेवते.

याच वर्षांत बहुतेक महाविद्यालयांत मात्र वेगळंच चित्र होतं. मी नव्वदच्या दशकात पदवीला होते. आमच्या महाविद्यालयातही ‘महिला विकास कक्ष’ अशी पाटी होती. वर्षभर ते दार बंद. ८ मार्च जवळ आला की उघडायचं, आणि सूचनाफलकावर मेंदी, रांगोळी, पाककृती आणि ‘साडी डे’ असं पत्रक लागायचं. डॉक्टरबाई येऊन रक्तातल्या हिमोग्लोबिनवर बोलायच्या, तेवढाच काय तो उपयोगाचा तास. एसटी स्टँडवरून महाविद्यालयापर्यंत येताना मुलींना रोज काय सोसावं लागतं, हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही. बसथांब्यापर्यंतचा तो अर्धा किलोमीटर आमच्या किती मैत्रिणींचं शिक्षण सोडवायला कारणीभूत झाला, याची नोंद कुठेही नाही. अशी पाटीपुरती केंद्रं आजही आहेत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या केंद्रांनाही लोक रांगोळीवालेच समजतात.

आता पुण्याच्या केंद्राच्या गोष्टीतला सगळ्यांत महत्त्वाचा भाग.

१९७० च्या दशकातल्या स्त्रीचळवळीत ‘आम्ही साऱ्या बायका’ ही हाक होती. तिच्यात मोठं बळ होतं. पण त्या ‘साऱ्या’त कोण कुठे बसलं होतं? बैठका शहरात, भाषा प्रमाण, नेतृत्व बहुधा उच्चजातीय. दुसरीकडे दलित चळवळीतला दलित म्हणजे पुरुष. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार गावोगाव फिरल्या, आंबेडकरी चळवळीतल्या वृद्ध बायकांना भेटल्या, त्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आणलं. शीर्षकातला तो ‘ही’ दोन्ही चळवळींना उद्देशून होता. डिसेंबर १९९६ मध्ये चंद्रपुरात दलित महिलांची परिषद भरली. २५ डिसेंबर, म्हणजे १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली तो दिवस, भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळावा, असा विचार तिथे पुढे आला. ८ मार्चला शहरी संघटनांमध्ये जी उत्सुकता असते तिच्या शेजारी ही तारीख ठेवून पाहा. न्यू यॉर्कमध्ये १९१६ साली वाचलेल्या निबंधाचा धागा चंद्रपूरच्या बायकांनी आपणहून उचलला होता. विद्यापीठाने उचलायच्या आधी.

शर्मिला रेगे १९९१ पासून पुणे विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत होत्या आणि या केंद्राशी जोडलेल्या होत्या. पुढे केंद्राची धुरा त्यांच्याकडे आली. ३१ ऑक्टोबर १९९८ च्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्यांचा लेख आला. दलित बायका वेगळं बोलतात, हे गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये म्हटलं होतं. रेगे यांनी पुढचा प्रश्न विचारला: त्या वेगळं बोलतात हे मान्य करून आपण बाकीच्यांनी हात झटकायचे का? ‘त्यांचा प्रश्न त्या मांडतील’ असं म्हणणं दिसायला आदराचं असतं, पण त्यात सवर्ण स्त्रीवादी बाईला स्वतःला बदलण्याची गरजच राहत नाही. जातीच्या उतरंडीत सगळ्यांत खाली ढकललेल्या बाईच्या जागेवरून पाहिलं तर लग्न, हिंसा, मजुरी, इभ्रत हे सगळं वेगळं दिसतं. सवर्ण घरातल्या बाईवरची हिंसा बहुधा घराच्या भिंतीआड होते. दलित बाईवरची चारचौघांत, रस्त्यावर, गावाला धडा शिकवायला होते. म्हणून त्या जागेवरून विचार करायला इतरांनीही शिकलं पाहिजे, आणि ते शिकताना आपली ओळख नव्याने घडवली पाहिजे, असं त्या म्हणत होत्या. त्या स्वतः दलित नव्हत्या. हे म्हणणं त्यांनी आधी स्वतःलाच लावलं होतं.

लेखावर वाद झाला, आणि तो घरातलाच होता. टाटा समाजविज्ञान संस्थेत स्त्री-अभ्यास शिकवणाऱ्या, ‘बायजा’पासून चळवळीत असलेल्या छाया दातार यांनी १९९९ मध्ये त्याच साप्ताहिकात उत्तर लिहिलं. ब्राह्मणेतर मांडणी खरोखरच अधिक मुक्तिदायी आहे का, असा त्यांचा थेट सवाल होता. निसर्ग, उपजीविका, भौतिक जगणं यांचा विचार त्यांना तितकाच महत्त्वाचा वाटत होता. रेगे यांनी २००० मध्ये प्रत्युत्तर दिलं. महाराष्ट्रातल्या दोन केंद्रांतल्या दोन बायका देशभरातल्या वाचकांपुढे, नावानिशी, कडकडून भांडल्या आणि त्या भांडणातून विषय पुढे गेला. आज चर्चेचं जे काही झालं आहे ते पाहता मला तो वाद पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो.

२००६ मध्ये रेगे यांचं ‘रायटिंग कास्ट / रायटिंग जेंडर’ आलं. त्यात त्यांनी आठ दलित बायकांच्या मराठी आत्मकथनांकडे समाजशास्त्राचा आधारग्रंथ म्हणून पाहिलं: शांताबाई दाणी, मुक्ता सर्वगोड, कुमुद पावडे, शांताबाई कांबळे, बेबी कांबळे, जनाबाई गिऱ्हे, विमल मोरे, उर्मिला पवार. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’, ‘जिणं आमुचं’, ‘अंतःस्फोट’, ‘आयदान’. ही पुस्तकं तोवर मराठीच्या वर्गात ‘दलित साहित्य’ म्हणून वाचली जात. भाषा, शैली, ग्रामीण शब्दांची सूची, झालं. रेगे यांनी म्हटलं, हे ज्ञान आहे. या बायका आपल्या समाजाविषयी जे सांगतात ते कुठल्याही सर्वेक्षणात सापडणार नाही.

बेबी कांबळे यांचंच पाहा. फलटणला त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. माल बांधायला रद्दी यायची, ती त्या वाचायच्या. वाचता वाचता लिहायला लागल्या. दुकानात एकट्या असतील तेव्हा लिहायचं आणि घरातल्यांच्या नजरेस पडणार नाही असं लपवून ठेवायचं. वर्षानुवर्षं. बाईने लिहायचं, तेही घरादाराबद्दल, नवऱ्याच्या मारझोडीबद्दल, आपल्याच वस्तीतल्या उपासमारीबद्दल, हे खपण्यासारखं नव्हतं. फलटणला स्थायिक झालेल्या भाषा-अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांना त्या वह्यांचा सुगावा लागला. त्यांनी आग्रह धरला म्हणून १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकात ते लेखन क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. म्हणजे पहा, एक दुकान, एक वही, एक शेजारीण, एक मासिक, आणि मग वीस वर्षांनी विद्यापीठातलं एक केंद्र. यातली एक कडी निखळली असती तरी महार वस्तीतल्या बाळंतिणीच्या उपासमारीचं ते वर्णन आज आपल्यापाशी नसतं.

रेगे यांचं लेखन लावणी आणि तमाशातल्या कलावंतिणींवरही आहे. कुणाच्या देहाचं सौंदर्य ‘लोककला’ म्हणून मिरवलं जातं आणि तो देह मात्र कुठल्या जातीचा, किती मोलाचा धरला जातो, हा त्यांचा प्रश्न होता. शहरात लावणी महोत्सवांना गर्दी करणाऱ्यांनी ते लेखन जरूर वाचावं.

त्यांचं आणखी एक काम मला शिक्षिका म्हणून जवळचं वाटतं. उच्च शिक्षणात मागासवर्गीय मुलं-मुली मोठ्या संख्येने येऊ लागली, तेव्हा ‘दर्जा घसरला’ ही ओरड प्राध्यापकांच्या खोल्यांतून सर्रास ऐकू येत होती. अजूनही येते. रेगे यांनी २०१० मध्ये जो लेख लिहिला त्याच्या शीर्षकात जोतीराव फुल्यांच्या ‘तृतीय रत्न’ नाटकाची आठवण ठेवली. फुल्यांनी ते १८५५ मध्ये लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडलं आणि कमिटीने ते नाकारलं. गरोदर कुणबी बाईला ग्रहदशेची भीती घालून जोशी तिच्या घराला लुबाडतो, आणि शेवटी ते नवरा-बायको रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात, अशी त्याची गोष्ट. त्याच साली मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मांग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तीन वर्षांचं शालेय शिक्षण झालेली पोर धर्मालाच प्रश्न विचारते. हे ज्या वर्गात घडलं, तो वर्ग कसा असेल? तसा वर्ग आज विद्यापीठात कसा घडवायचा? रेगे यांचा प्रश्न हा होता. तालुक्याच्या गावातून आलेला विद्यार्थी इंग्रजीतल्या सिद्धांतापुढे गप्प बसतो, तेव्हा दोष त्याचा, की सिद्धांत फक्त इंग्रजीत ठेवणाऱ्यांचा? पुण्याच्या केंद्राने मराठीतून वाचनसाहित्य तयार केलं, वर्गात दोन्ही भाषा चालू दिल्या, आणि अनुभव सांगणं म्हणजे अभ्यास नव्हे हा समज मोडायचा प्रयत्न केला. कर्व्यांचा मातृभाषेचा आग्रह आणि फुले-आंबेडकरांचा प्रश्न इथे एकत्र आले.

२०१३ मध्ये त्यांनी संपादित केलेलं ‘अगेन्स्ट द मॅडनेस ऑफ मनू’ प्रसिद्ध झालं. जात आणि पितृसत्ता यांच्या गाठीविषयी आंबेडकरांनी जिथे जिथे लिहिलं ते त्यांनी एकत्र आणलं, त्यावर विस्ताराने लिहिलं. १९१६ चा तो निबंधही त्यात आहे. १३ जुलै २०१३ रोजी कर्करोगाने त्या गेल्या. एकोणपन्नासावं वर्ष चालू होतं.

दरम्यान केंद्रांच्या पाट्यांवर ‘स्त्री’च्या जोडीला ‘लिंगभाव’ हा शब्द आला. १९९७ च्या विशाखा निकालाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध समित्या आल्या, २०१३ मध्ये कायदा झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून निघाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१७ मध्ये वसतिगृहाचा एक भाग लिंगनिरपेक्ष ठेवला, तो विद्यार्थ्यांनी लावून धरलं म्हणून. अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार विद्यार्थ्यांचा संबंध असलेल्या तक्रारीसाठी अंतर्गत समितीवर विद्यार्थ्यांचे तीन प्रतिनिधी हवेत, आणि ते निवडून आलेले हवेत. तशी निवडणूक खरंच होते का, हे वाचकांनी आपल्या घरात महाविद्यालयात जाणारं कुणी असेल तर आजच विचारावं.

आणि पैसा. ही केंद्रं पंचवार्षिक योजनेच्या अनुदानावर जगत आली. योजना संपत आली की प्रत्येक वेळी तीच धाकधूक: पुढच्या वेळी मिळेल का, शिक्षकांचे करार वाढतील का. दहाव्या योजनेच्या काळात केंद्रांचं नाव बदलून ‘स्त्री आणि कुटुंब अभ्यास’ करायचा घाट घातला गेला, तेव्हा देशभरातून विरोध झाला. बाईचा विचार कुटुंबाच्या चौकटीबाहेर करता यावा म्हणून तर हा सगळा खटाटोप सुरू झाला होता. ३१ मार्च २०१७ रोजी बारावी योजना संपली आणि पंचवार्षिक योजनांचा काळच आटोपला. त्या वेळी आयोगाच्या मदतीवर चालणारी १६३ केंद्रं होती. अनेक ठिकाणी पगार अडकले, तात्पुरत्या शिक्षिका घरी बसल्या. वीस वर्षं हा विषय शिकवलेली बाई दर जून महिन्यात कराराच्या कागदासाठी प्रशासनाच्या दारात उभी असते, आणि बाईच्या असुरक्षित रोजगारावर तासाला व्याख्यान देते. विद्यापीठांनी ही पदं मंजूर, कायम आणि पूर्णवेळ करावीत. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र या विभागांना जी मिळतात तीच. यापेक्षा कमी काही मागू नये.

कागदांच्या बाबतीत मात्र आपल्या हातात बरंच आहे. १९८८ मध्ये सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी मुंबईत ‘स्पॅरो’ हा स्त्रियांच्या आवाजांचा आणि चित्रांचा संग्रह सुरू केला. नीराबेननी ऐंशीच्या घरात पोहोचल्यावर चळवळीतल्या बायकांच्या मुलाखतींवर आधारलेलं पुस्तक पूर्ण केलं. २००९ मध्ये त्या गेल्या. स्त्री-अभ्यास केंद्रांच्या कपाटांतही असा ऐवज आहे, पण तो पुरेसा नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी निघालेल्या नियतकालिकांचे अंक, परित्यक्तांच्या मोर्च्यांची पत्रकं, दलित महिला परिषदांचे ठराव, शिबिरांच्या वह्या, गाण्यांच्या चोपड्या, कोर्टकचेऱ्यांचे कागद लोकांच्या माळ्यांवर आणि ट्रंकांत पडून आहेत. हे कागद जमवणाऱ्या अनेक जणी आता सत्तरी ओलांडलेल्या आहेत, घरं बदलत आहेत, मुलं परगावी आहेत. तुमच्या आईच्या, आत्याच्या, शेजारच्या मावशींच्या घरात असं काही असेल तर दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत घालू नका. जवळच्या विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रात फोन करा, कागद कुणाचे, कुठल्या गावचे, कुठल्या साली जमवले ते एका चिठ्ठीवर लिहा, आणि शक्य असेल तर त्या बाईंनाच सोबत घेऊन जा.